शूनेमच्या शेतातील दुपार



आजच्या बोधासाठी आम्ही दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा चौथा अध्याय, अठराव्या वचनापासून सदतिसाव्या वचनापर्यंत, निवडला आहे. उपदेशकबंधूंनी तो मंडळीत सावकाश वाचून दाखवावा. अलीशा संदेष्ट्याने मृत मुलास उठविले, एवढीच या भागाची आठवण बहुतेकांस असते. चमत्कारापूर्वी काय घडले तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आम्ही मात्र आज त्या पूर्वभागापाशीच थांबणार आहोत, कारण तो सोलापूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात पुन्हा घडत असतो, आणि येथे त्याच्या शेवटी कोणी अलीशा येत नाही.

शूनेम गावची ती बाई संपन्न होती. पुष्कळ वर्षांनी तिला मुलगा झाला. तो थोडा मोठा झाल्यावर एके दिवशी कापणी चालली असता शेतात बापाकडे गेला. तेथे कापणाऱ्यांच्या मध्ये उभा असता त्याने बापास सांगितले की डोके दुखते. बापाने एका चाकरास फर्माविले की याला आईकडे घेऊन जा. चाकराने त्याला उचलून नेले. दुपारपर्यंत तो आईच्या मांडीवर होता आणि मग त्याचा प्राण गेला.

तो उन्हाने मेला असे शास्त्र शब्दांनी सांगत नाही. तथापि कापणीचे दिवस, उघडे शेत, सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेला मुलगा, एकाएकी उठलेली डोकेदुखी आणि मध्यान्हीचे मरण, ही सर्व लक्षणे एकत्र पाहून अनेक टीकाकारांनी तसाच अर्थ घेतला आहे, आणि ज्याने सोलापूरचा वैशाख पाहिला आहे त्याला त्यांच्याशी वाद घालावासा वाटणार नाही. आमच्या या प्रांतात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या पलीकडे जाणे काही नवल नव्हे. माण, सांगोला, मंगळवेढा या बाजूचे माळ तर दुपारी तव्यासारखे तापतात.

आता त्या बापाचा विचार करा. तो दुष्ट होता काय? मुळीच नाही. मुलगा त्याच्या म्हातारपणाचा एकुलता एक होता. पण कापणी चालू होती. माणसे लावलेली होती. दिवस मावळण्यापूर्वी काम उरकावयाचे होते. मुलाचे बोलणे त्याच्या कानांत शिरले, मनात शिरले नाही. लहानसहान दुखणे आहे, आईजवळ बसेल, पाणी पिईल, बरे होईल, असे त्याने धरले असावे. तो स्वतः शेतातून हालला नाही. नंतर बायकोने गाढव व चाकर मागितला तेव्हाही त्याने विचारले की आज ना अमावास्या, ना शब्बाथ, मग आजच का जातेस? घरात मुलगा मेलेला होता आणि बापाला ते ठाऊक नव्हते. कामाच्या भरात असलेल्या चांगल्या माणसाचे इतके हुबेहूब चित्र आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे.

बंधूंनो, हा बाप आमच्या मंडळ्यांत आहे. कोणाची चार एकर बागायत आहे, कोणी वीटभट्टीवर दहा माणसे लावतो, कोणी मुकादमी करतो, कोणी शहरात पत्र्याच्या शेडमध्ये सहा यंत्रमाग चालवितो. रविवारी तो पहिल्या रांगेत बसतो आणि दान देण्यात हात आखडत नाही. पण सोमवारी दुपारी दोन वाजता मजूर म्हणतो की डोके गरगरते, तेव्हा त्याला वाटते की हा अंगचोरपणा करतो. आणि मजूर म्हणावा तर तो बहुधा बोलतच नाही. कारण बोलले तर खाडा पडेल.

म्हणून प्रथम हे समजून घेऊ की ऊन माणसाला मारते ते कसे. देवाने आमच्या देहात उष्णतेचा तोल ठेवला आहे. श्रम केले की स्नायूंत उष्णता उत्पन्न होते. रक्त ती कातडीकडे नेते. कातडीवर घाम येतो, तो वाऱ्याने उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. जोवर घाम येतो व उडतो तोवर माणूस सुखरूप असतो. परंतु घाम म्हणजे रक्तातलेच पाणी व मीठ. ते भरून काढले नाही तर रक्त आटते, काळजाला जोराने धडधडावे लागते, आणि एक वेळ अशी येते की तोल सुटतो. देहाच्या आतली उष्णता ४० अंशांच्या वर गेली की मेंदू, मूत्रपिंडे, यकृत ही सारी होरपळू लागतात. आमच्याकडील कोरड्या हवेत आणखी एक फसवणूक आहे. घाम आला न आला तोच उडून जातो, अंग भिजलेले दिसत नाही, आणि मजुरास वाटते की आपल्याला काही फारसा घाम आलाच नाही. सदऱ्यावर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात ते मात्र खरे बोलतात.

मागावर काम करणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे डोक्यावर ऊन नाही, पण पत्रा आहे. सूत तुटू नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात व हवेत ओल राखलेली असते. ओल्या हवेत घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम देहाला थंड करीत नाही. सावलीत बसलेल्या माणसाला ऊन कसे लागेल, असे जे म्हणतात त्यांनी मे महिन्यात अशा एखाद्या शेडमध्ये एक तास उभे राहून पाहावे. चालकांनी पत्र्याला बाहेरून पांढरा चुना लावावा, खाली गवताचे किंवा तट्ट्याचे छत घालावे, वरच्या बाजूस गरम हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी. याला फार खर्च येत नाही. देशाचा १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हाच त्यात असे घातले होते की जेथे अडीचशेहून अधिक कामगार आहेत तेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून द्यावे. लहान शेडवाला म्हणेल की माझ्याकडे अडीचशे नाहीत, आठच आहेत. आठ माणसांस तर दोन माठ पुरतात!

दुसरी गोष्ट सवयीची. उन्हात काम करण्याची शक्ती देहाला एका दिवसात येत नाही. तिला एक ते दोन आठवडे लागतात. तितक्या दिवसांत घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाऊ लागते. म्हणून जगभरचा अनुभव असा आहे की कामावर उन्हाने मरणाऱ्यांत पुष्कळ जण त्या कामावर नवे असतात, कित्येक तर पहिल्या काही दिवसांतलेच. शहरात नोकरी सुटलेला मुलगा गावी येऊन एकदम खोदाईवर जातो. आजारातून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाते. बाप-भावांच्या बरोबरीने काम करून दाखवावे म्हणून पोर ईर्ष्येने उन्हात राबते. जाणते लोक असे सांगतात की नव्या माणसास पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्सा काम द्यावे व रोज थोडे थोडे वाढवावे. शूनेमचा मुलगाही त्या दिवशी शेतात नवखाच होता, हे ध्यानात घ्या.

आता पाण्याविषयी. तहान लागल्यावर पिऊ, हा हिशेब उन्हातल्या श्रमाला चालत नाही, कारण तहान उशिरा जागी होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेलाभर पाणी प्यावे. एका वेळी तांब्यावर तांब्या घटाघटा पिऊन मग तीन तास कोरडे राहू नये. तासाला दीड लिटरच्या वर नुसते पाणी पिणेही बरे नव्हे, त्याने रक्तातले मीठ फार पातळ होते. आमच्या बायकांचे ताक, मीठ घातलेली ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे ही सर्व उत्तम आहेत. तीही नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. दारू किंवा शिंदी पिऊन उन्हात जाणे म्हणजे आपल्या हातांनी विहिरीचा दोर कापणे होय. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असे पुष्कळ जण मानतात. कांद्यावर आमचा राग नाही, तो भाकरीबरोबर खावा. पण खिशातला कांदा पाण्याचे काम करीत नाही.

स्त्रियांविषयी एक गोष्ट आहे. ती उपदेशाच्या व्यासपीठावरून कोणी बोलत नाही, म्हणून आम्हीच बोलतो. फडात, रस्त्याच्या कामावर, भट्टीवर आमच्या भगिनी पाणी मुद्दाम पीत नाहीत. कारण पाणी प्यायल्यावर आडोसा लागतो आणि आडोसा नसतो. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत एक घोटही न पिणाऱ्या बाया आहेत. त्यांना लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटाचे दुखणे जडते, आणि मग त्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवितात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रिया एवढ्या का होतात याची चौकशी करण्यास २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली, हे वाचकांस स्मरत असेल. त्या दुःखाची मुळे पुष्कळ आहेत, परंतु खाडा पडेल ही धास्ती त्यांतले एक मूळ आहे. चार बांबू व चार पोती एवढ्यावर फडाच्या कडेला आडोसा उभा राहतो. जो शेतकरी बंधू म्हणतो की पाण्याचा माठ तर मी ठेवलाच आहे, त्याने आडोसाही उभारावा. एरवी अर्ध्या मजुरांच्या दृष्टीने तो माठ रिकामाच आहे.

खाडा हा शब्द आमच्या ज्या वाचकांस ठाऊक नसेल असे थोडेच. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घ्यावयाची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जावयाचा, आणि टनामागे मजुरीतून ती उचल फेडावयाची. दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचा दंड. विडी हजारावर, वीट हजारावर, कापड वारावर, ऊस टनावर. अशा कामात विसावा घेणाऱ्याचे पोट कापले जाते. म्हणून त्याला कोणी न मारता तो स्वतःलाच चाबूक मारीत राहतो. बारा वाजले, सावलीत बसा, असा उपदेश अशा माणसाला करणे सोपे आहे. आम्हीही तो पुष्कळदा केला आहे. पण ज्याच्या पदरी उचल आहे त्याला सावली फुकट मिळत नाही, हे कबूल केल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे बोलता येत नाही. प्रभूने द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभराचा भार व कडक ऊन सोसलेल्या मजुरांची तक्रार सांगितली आहे. धन्याने त्यांचे ऊन खोटे म्हटले नाही. आणि उशिरा आलेल्यांस त्याने किती टन तोडले हे न विचारता पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण संध्याकाळी त्यांच्याही घरी तोंडे होती. दाखल्याचा मुख्य अर्थ स्वर्गाच्या राज्याविषयी आहे हे आम्ही जाणतो. तरी मळेवाल्यांनी तो मळ्याविषयीही वाचला तर प्रभूला वाईट वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

विसाव्याने धन्याचे नुकसान होते हीही एक समजूतच आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या हजारो तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊन ते मेले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. तापलेल्या फडात पाण्यावाचून दिवसेंदिवस केलेले जड श्रम हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे वैद्य सांगतात. मग तेथील काही फडांवर तंबूची सावली, हाताशी पाणी आणि ठरलेल्या वेळी सक्तीचा विसावा असा क्रम घालण्यात आला. मूत्रपिंडांची इजा कमी झाली. आणि एल साल्वादोरमधील प्रयोगात तर माणशी तोडीचे वजन घटण्याऐवजी वाढले. दमलेल्या माणसाचा कोयता बोथट चालतो हे आमच्या जुन्या शेतकऱ्यांस सांगावयास नकोच.

बवाजाची आठवण येथे केल्यावाचून पुढे जाववत नाही. तोही कापणीचाच हंगाम होता, आणि रूथ परकी, विधवा, सरवा वेचणारी. गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी तिने प्यावे अशी बवाजाने तिला मोकळीक दिली, जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसविले, भाजलेले धान्य आपल्या हाताने दिले. आणि तिने थोडा वेळ आडोशाला विसावा घेतला याबद्दल देखरेख करणाऱ्याने तिची चहाडी केल्याचेही दिसत नाही. पाणी कोणी भरले होते? गड्यांनी, आगाऊ. कोणास पिण्याची मोकळीक होती? जी मजुरीच्या यादीतही नव्हती तिला. शूनेमच्या बापाजवळ प्रेम होते. बवाजाजवळ प्रेम होते आणि व्यवस्थाही होती.

उन्हाबरोबर धुराचा विचार करावा लागतो, कारण आमच्याकडे दोन्ही एकाच हंगामात येतात. सोलापूरकडे मोठी अरण्ये नाहीत, म्हणून सह्याद्रीच्या रानांतले वणवे आम्ही लांबूनच ऐकतो. पण आमचा वणवा आम्ही स्वतः लावतो. ऊस गेला की पाचट पेटवून देतात. हंगाम उतरणीस लागून तोडणारी माणसे मिळेनाशी झाली की उभा फडच पेटवून जळीत ऊस तोडतात. संध्याकाळी भीमेच्या व सीनेच्या काठाने जाणाऱ्यास क्षितिजावर धुराचे लोट दिसतात. त्या धुरात काय असते? डोळ्यांस दिसणारी काजळी हा त्यातला सौम्य भाग आहे. ती नाकात अडकते. जे कण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात, ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तात उतरतात. दम्याच्या रोग्यास, क्षय होऊन गेलेल्यास, काळीज दुबळे असलेल्यास आणि पाळण्यातल्या लेकरास ते फार बाधतात. याशिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. त्यानेही डोके दुखते व झापड येते. मग मजुराचे डोके उन्हाने दुखते की धुराने, हे ओळखणे कठीण पडते. दोन्ही प्रसंगी उपाय पहिला एकच: त्याला तेथून बाहेर काढा.

तोंडाला ओला पंचा बांधला म्हणजे धूर लागत नाही, ही समजूत सोडून द्यावी. ओल्या कपड्याने राख अडते, बारीक कण अडत नाहीत. एन-९५ या नावाचा घट्ट बसणारा मुखवटा ते पुष्कळसे अडवितो. परंतु तो लावून भर उन्हात जड काम करणे हीच एक निराळी शिक्षा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने २००५ साली उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उन्हाचा नियम केला आणि वणव्यांचे धूर वाढल्यावर २०१९ साली धुराचाही नियम केला. त्यात शक्य तेथे काम दुसरीकडे हलवावे किंवा पुढे ढकलावे, आणि मुखवटे धन्याने द्यावेत, असे आहे. शेतमजुरांस मुखवटा देण्यापूर्वी धूरच टाळावा हा त्यातला क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

आणि आमच्या बाबतीत धूर टाळणे पूर्णपणे आमच्या हाती आहे, कारण काडी आमच्याच खिशात असते. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरून वर शेणकाला व थोडा युरिया घातला तर कुजते, जमिनीची ओल राखते, तण दाबते. पाण्याला महाग झालेल्या आमच्या जिल्ह्यात हा लाभ लहान नाही. जाळले तर एका रात्रीत सगळे आकाशात जाते, आणि वारा फिरला तर शेजाऱ्याचा फडही जातो. ऊसतोड्यांच्या कोप्या वाढ्यांच्या व पाचटाच्याच असतात, आणि त्यांत दिवसा म्हातारी व लेकरे असतात, हे काडी ओढणाऱ्याने विसरू नये. मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात, ज्याने पेटविलेला विस्तव काट्यांत शिरून दुसऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जाळील त्याने भरपाई करावी असे आहे. तेथे त्याचा हेतू काय होता हे विचारलेले नाही. काडी ज्याची, नुकसान त्याचे.

आता पुन्हा शूनेमला जाऊ. ती बाई कर्मेलास पोहोचल्यावर अलीशाने प्रथम गेहजीला आपली काठी देऊन पुढे पाठविले. गेहजीने काठी मुलाच्या तोंडावर ठेवली. ना शब्द, ना हालचाल. आई मात्र संदेष्ट्याला सोडून हालेना, आणि शेवटी तो स्वतः गेला, दार लावून प्रार्थना केली, आणि मुलाच्या देहाशी आपला देह लाविला, तेव्हा ते काम झाले. आमच्या गावोगावच्या भिंतींवर उन्हापासून सावध राहण्याच्या सूचना लागलेल्या असतात. त्या चांगल्या आहेत. त्या गेहजीची काठी आहेत. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. नंतर २०१३ साली त्या नगराने योजना केली, तीत नुसते कागद नव्हते. वैद्यांस शिकविले, आगाऊ इशारे दिले, लोकांस पाणी व सावली मिळेल अशी ठिकाणे ठरविली. कोणीतरी माणूस माणसापर्यंत चालत गेला.

उपदेशकबंधूंनो, तुमच्या कामाचा हा भाग आहे असे आम्ही समजतो. तुम्ही फडावर व भट्टीवर जाता, मजुरांची नावे तुम्हांस ठाऊक असतात. म्हणून उन्हाने पडलेल्या माणसाचे काय करावे ते पाठ करून ठेवा. डोके दुखणे, घेरी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गडद व थोडी लघवी, ही पहिली हाक आहे. तेवढ्यावरच काम थांबवून सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे, आणि त्याला एकटे सोडू नये. परंतु तो बरळू लागला, पाय लटपटले, आचके आले किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात होय, आणि मग मिनिटे मोजावी लागतात. घाम थांबला तरच उष्माघात असे समजू नका. राबणाऱ्या माणसाचे अंग घामाने ओले असतानाही तो होतो. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत हात बांधून बसू नका. सर्वांगावर पाणी ओता, ओतीत राहा, वारा घाला; पातळ लुगडे किंवा पंचा भिजवून अंगावर टाका व पुन:पुन्हा भिजवा; बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघा यांत ठेवा. तापलेल्या अंगावर गार पाणी घातल्याने माणूस दगावतो, असे म्हातारी माणसे म्हणतात आणि त्यामुळे कित्येकांचा अमोल वेळ गेला आहे. ही समजूत खोटी आहे. त्या वेळी गार पाणी हेच औषध. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. स्त्री असेल तर बायकांनी भोवती चादर धरून तिला भिजवावे. लाजेपायी तिला कोरडी ठेवू नये. अलीशाच्या कृतीने मुलाचा थंड पडलेला देह ऊबदार झाला, ते मेलेल्याचे होते. तुम्ही जिवंत माणसाला थंडच करावयाचे आहे.

आम्हांस स्वतःचा एक दोष येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरीस आम्ही एका फडावर दुपारच्या वेळी गेलो. मजूर कोयते ठेवून गोळा झाले. आम्ही उत्साहात होतो; झाड शंभर पावलांवर होते, पण तेथवर जाण्यात वेळ मोडेल म्हणून उघड्यावरच गीत, वचन व लांब प्रार्थना केली. प्रार्थना संपून डोळे उघडले तेव्हा एक बाई खाली बसलेली होती आणि तिची सोबतीण पदराने वारा घालीत होती. तिने पाण्याची खूण केली, पण माठ मोळ्यांच्या पलीकडे राहिला होता. ती बरी झाली, देवाची कृपा. पण आम्ही ज्याच्या नावाने बोललो तो प्रभू स्वतः भर दुपारी थकून विहिरीच्या काठी बसला होता व बोलण्याची सुरुवात त्याने पाणी मागून केली होती, हे आम्हांस त्या दिवशी आठवले नव्हते.

हा दोष आमच्या एकट्याचा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईजवळ खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी पुरस्काराच्या मोठ्या समारंभानंतर उन्हाने चौदा जणांचा मृत्यू झाला. तेथे पारा सोलापूरइतका चढलेलाही नव्हता. समुद्रकाठची दमट हवा, तासन् तास उघड्यावर बसणे आणि प्रचंड गर्दी पुरेशी झाली. श्रद्धेने आलेली माणसे ऊन लागते म्हणून उठून जात नाहीत, हे प्रत्येक धर्माच्या पुढाऱ्यांनी जाणावे.

यासाठी मंडळ्यांच्या वडिलांस आमची विनंती आहे की होळीपासून मृग लागेपर्यंत उघड्यावरची कोणतीही सभा सकाळी साडेआठच्या पुढे चालू ठेवू नये, संध्याकाळी साडेपाचच्या आत सुरू करू नये. मांडवाच्या चारही कोपऱ्यांस पाणी असावे, एकाच टोकास नव्हे, म्हणजे मागे बसलेल्या म्हाताऱ्यास उठून सर्वांसमोरून जावे लागणार नाही. बायकांसाठी आडोसा मांडवाबरोबरच बांधावा. एक माणूस नुसता पाहण्यासाठी ठेवावा. त्याने गीत गाऊ नये, डोळे मिटू नयेत, ओळींतून फिरत तोंडे पाहावीत. हे काम तरुणांपैकी कोणास द्यावे हे येत्या रविवारी उपासनेनंतर ठरवावे, आणि ज्या बंधूच्या मळ्यात किंवा भट्टीवर माणसे आहेत त्याने त्याच वेळी आपल्याकडील माठ किती, सावली कोठे, आणि दुपारची सुट्टी किती वाजता, हे वडिलांस सांगावे.